ठेवलेले नाव : इंडी संगीत, ‘हिपस्टर’ आणि रसिकाचा संकोच

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे निंदा करणे. या दोन क्रियांमध्ये अंतर आहे ते एका मात्रेचे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ‘हिपस्टर’ या शब्दाने ही दोन्ही कामे एकाच वेळी केली. तो शब्द एका तरुण शहरी वर्गाचे नाव होता आणि त्याच उच्चारात त्या वर्गाची निंदाही होता, त्यामुळे ज्याला उद्देशून तो वापरला जाई तो माणूस ते नाव सहसा स्वतःचे म्हणून स्वीकारत नसे. या नावाच्या सावलीत जे संगीत सापडले त्याला ‘इंडी’ म्हणतात. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे लघुरूप असून, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भांडवलावर आणि वितरणावर न विसंबता निघालेले संगीत, हा त्याचा मूळ अर्थ आहे. आर्केड फायर, ग्रिझली बेअर किंवा व्हॅम्पायर वीकेंड यांची गाणी मनापासून आवडणाऱ्या श्रोत्याला त्या काळात आपली आवड सांगताना, आपण ‘तसले’ नाही, असा खुलासा आधी जोडावासा वाटे. हा खुलासा का करावा लागला, याचे उत्तर सुरावटींपेक्षा घरभाड्याच्या, सामाजिक वर्गाच्या आणि व्यापाराच्या इतिहासात अधिक सापडते. आणि हा संकोच सोसूनही ज्यांनी ऐकणे सोडले नाही, त्यांची निष्ठा त्या संगीताच्या मूळ परंपरेला धरूनच होती, असे त्या इतिहासावरून म्हणता येते.

‘हिपस्टर’ हा शब्द त्या दशकात जन्मलेला नाही. ‘हेप’ किंवा ‘हिप’ म्हणजे आतल्या गोटातला, जाणकार, हा अर्थ विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेच्या बोलीभाषेत होता, आणि १९३८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील प्रसिद्ध गायक व वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे याने जाझ वादकांच्या बोलीचा छोटा कोशच प्रसिद्ध केला होता. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक आदी कृष्णवर्णीय वादकांनी ‘बीबॉप’ ही जाझची नवी, वेगवान आणि बौद्धिकदृष्ट्या अवघड शैली घडवली, तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या तरुण चाहत्यांना हिपस्टर म्हटले जाऊ लागले. गिलेस्पीची बेरे टोपी, त्याचा जाड काड्यांचा चष्मा आणि ओठाखालची दाढी यांची नक्कल चाहते करू लागले, आणि संगीत कळण्याआधी पोशाख कळतो ही तक्रार तेव्हाही ऐकू येत होती. १९४८ साली ‘पार्टिझन रिव्ह्यू’ या नियतकालिकात ॲनाटोल ब्रॉयार्ड याने हिपस्टरचे जे शब्दचित्र रेखाटले त्याचा सूर कौतुकाचा नव्हता. पुढे १९५७ साली नॉर्मन मेलर याने ‘डिसेंट’ या नियतकालिकातील निबंधात याच व्यक्तिरेखेला बंडखोर नायकाचे रूप दिले, परंतु तसे करताना कृष्णवर्णीयांच्या जगण्याला त्याने हिंसेच्या आणि कामवासनेच्या कल्पनांनी रंगवले, म्हणून जेम्स बाल्डविनसारख्या लेखकाने त्यावर कठोर आक्षेप घेतला. या नावाभोवतीचे दोन आरोप, म्हणजे वेषापुरती रसिकता आणि दुसऱ्याच्या संस्कृतीची उसनवारी, हे असे पाऊण शतक जुने आहेत.

या पहिल्या पर्वातील एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. बीबॉपच्या बहुतेक महत्त्वाच्या तबकड्या मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या नव्हत्या. चार्ली पार्करच्या १९४५ ते १९४८ या काळातील ध्वनिमुद्रणांचा मोठा भाग नेवार्क शहरातील ‘सॅव्हॉय’ आणि कॅलिफोर्नियातील ‘डायल’ या छोट्या कंपन्यांनी केला, आणि त्यांतील ‘डायल’ तर हॉलिवूडमधील तबकड्यांच्या एका दुकानाचा मालक रॉस रसेल याने सुरू केली होती. दुकानात कोण काय विचारतो हे रोज पाहणाऱ्या माणसाने स्वतःच तबकडी काढावी, हा प्रकार पुढे तीस वर्षांनी लंडनमध्ये पुन्हा घडला. हिपस्टर आणि स्वतंत्र कंपनी यांची गाठ त्यामुळे फार जुनी आहे, आणि त्या गाठीत संगीत हे निमित्तापुरते नव्हते, मुळाशीच होते.

लंडनच्या पश्चिमेकडील केन्सिंग्टन पार्क रोडवर जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ साली ‘रफ ट्रेड’ हे दुकान उघडले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७७ मध्ये, मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने घेतलेल्या सुमारे ५०० पौंडांत ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला १००० प्रती काढल्या होत्या. प्रत्यक्षात सुमारे १६,००० विकल्या गेल्या. या आकड्यांचे मोल विक्रीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे. तबकडी काढणे हे मोठ्या कंपनीच्या दालनातील गुपित नसून हिशेब करून जमणारे काम आहे, हे देशभरच्या तरुणांना त्यावरून कळले. स्क्रिटी पॉलिटी या बँडने तर १९७८ साली आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर स्टुडिओचे भाडे, साचा, छपाई अशा प्रत्येक बाबीचा खर्च छापला, जेणेकरून दुसऱ्या कोणालाही तेच करता यावे. मराठी लघुनियतकालिकांचा काळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वृत्तीची ओळख वेगळी सांगायला नको. रफ ट्रेडने १९७८ पासून स्वतःच्या तबकड्या काढायला सुरुवात केली, आणि खर्च वजा जाता नफा बँड व कंपनी यांच्यात निम्मानिम्मा वाटून घ्यायचा हा व्यवहार रूढ केला. पुढे प्रादेशिक वितरकांना एकत्र आणून ‘कार्टेल’ नावाची साखळी उभी राहिली आणि ग्लासगो किंवा लिव्हरपूलच्या गल्लीत निघालेली तबकडी मोठ्या कंपनीच्या मालमोटारीवाचून देशभरच्या दुकानांत पोहोचू लागली.

जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये ‘इंडी’ तबकड्यांच्या विक्रीची स्वतंत्र क्रमवारी छापली जाऊ लागली. तिचा निकष फार बोलका होता. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून दुकानात आली असली पाहिजे, एवढीच अट होती. संगीत कोणत्या प्रकारचे आहे, गिटार आहे की नाही, गायक कोणता सदरा घालतो, याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोग या लोकप्रिय गायिकेची नृत्यगीतेही, तिची कंपनी स्वतंत्र वितरकाकडून माल पाठवत असल्यामुळे, त्या क्रमवारीत वर पोहोचली. तोवर जनमानसातील ‘इंडी’ मात्र बदललेले होते. १९८६ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या संगीत साप्ताहिकाने २२ बँडची एक कॅसेट वाचकांसाठी काढली, जी ‘सी ८६’ या नावाने ओळखली जाते. तिच्यावरील खणखणत्या गिटारी, संकोची गायकी आणि घरगुती वाटणारे ध्वनिमुद्रण यांमुळे ‘इंडी’ हे वितरणपद्धतीऐवजी विशिष्ट ध्वनीचे आणि विशिष्ट देहबोलीचे नाव होऊन बसले. हा अर्थबदल पुढच्या सगळ्या कलंकाचे मूळ आहे. व्यवहाराची पद्धत थट्टेला फारसा वाव देत नाही. दिसणे आणि बोलणे मात्र सहज थट्टेला सापडते.

थट्टा लगेच सुरूही झाली, आणि तिचा पहिला मोठा बळी हिपस्टर नव्हता, ‘ॲनोरॅक’ होता. ॲनोरॅक म्हणजे टोपी असलेले पावसाळी जाकीट. ते घालणारे हे श्रोते लहान मुलांसारखे, भित्रे आणि अप्रौढ आहेत असे संगीत साप्ताहिकांतून लिहिले जाई, आणि त्यांच्या आवडत्या गाण्यांना ‘ट्वी’, म्हणजे गोडगोड व पोरकट, हे विशेषण चिकटवले जाई. ब्रिस्टल शहरात क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ साली सुरू केलेल्या ‘सारा रेकॉर्ड्स’ या कंपनीने हा उपहास सर्वाधिक सोसला. तिच्या नावापासूनच टीकाकारांना त्रास होता, कारण रॉक संगीताच्या पुरुषी जगात मुलीचे साधे नाव कंपनीला देणे हीच त्यांना दुर्बलतेची खूण वाटे. वास्तविक वॉड आणि हेन्स यांची भूमिका राजकीयदृष्ट्या ठाम होती. सात इंची छोटी तबकडी स्वस्त असते, शाळकरी मुलालाही परवडते, म्हणून तीच काढायची. एकच गाणे वेगवेगळ्या रूपांत विकून चाहत्याला पुन्हा पुन्हा खर्चात पाडायचे नाही. आणि कंपनी लंडनला न्यायची नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळले. १९९५ साली शंभरावा क्रमांक पूर्ण झाल्यावर त्यांनी संगीत साप्ताहिकांत जाहिरात देऊन, कसलीही अडचण आलेली नसताना, कंपनी स्वतःहून बंद केली. ज्यांना नाजूक म्हणून हिणवले गेले त्यांनी व्यापाराच्या रीतीला दिलेला हा नकार त्या काळातील कितीतरी गर्जणाऱ्या बँडपेक्षा अधिक कणखर होता, आणि या कंपनीच्या श्रोत्यांनी पोरकटपणाचा शिक्का सोसून तिची गाणी जपली, याची नोंद संगीताच्या इतिहासाने आदराने घेतली पाहिजे.

याच व्यवस्थेतून मराठी वाचकाच्या जवळची एक घटना घडली. लंडनच्या टॅल्बट रोडवरील रफ ट्रेडच्या दुकानातील मंडळींनी १९८८ च्या सुमारास स्वतःची छोटी कंपनी काढली आणि दुकानाच्या पिनकोडाच्या अक्षर-अंकांवरून तिचे नाव ‘विजा’ असे ठेवले. १९९१ मध्ये लेस्टर शहरात उभ्या राहिलेल्या कॉर्नरशॉप या बँडची ध्वनिमुद्रणे या कंपनीने काढली. ब्रिटनमधील आशियाई लोकांची ओळख कोपऱ्यावरचे किराणा दुकान एवढीच करून ठेवली गेली होती. त्याच ठरीव चित्राला उलटवून तजिंदर सिंग याने बँडला ते नाव दिले होते. १९९७ साली त्यांचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे आले, ज्याच्या केंद्रस्थानी सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले आणि त्यांच्या निमित्ताने हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायनाची सारी परंपरा आहे. जॉन पील या बीबीसीच्या विख्यात निवेदकाच्या श्रोत्यांनी त्या वर्षीच्या गाण्यांत त्याला पहिला क्रमांक दिला, आणि नॉर्मन कुक याने केलेली त्याची नवी आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या मुख्य क्रमवारीत पहिली आली. येथे ‘इंडी’ या शब्दाच्या अर्थातील एक अंतर्विरोध दिसतो. लंडनमध्ये स्वतंत्र कंपनीने चित्रपटसंगीताचा गौरव केला, तर पुढे भारतात ‘इंडी’ म्हणजे प्रामुख्याने चित्रपटाबाहेरचे संगीत असा अर्थ रुजला. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली उघडलेला ‘ब्लू फ्रॉग’ किंवा पुण्यात २०१० पासून भरू लागलेला ‘एनएच ७ वीकेंडर’ हा महोत्सव, ही या दुसऱ्या अर्थाची घरे ठरली.

अमेरिकेतील वाट याहून वेगळी आणि अधिक कडक नैतिकतेची होती. वॉशिंग्टनमध्ये इयन मकाय आणि त्याच्या मित्रांनी, आपल्या मोडलेल्या बँडने मैफलींतून साठवलेल्या पैशांतून, १९८० साली ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी सुरू केली. मकायच्या पुढच्या फुगाझी या बँडने तिकीट साधारण पाच डॉलरच्या आसपास ठेवायचे आणि वयाची अट नसलेल्या जागीच वाजवायचे, हे व्रत अनेक वर्षे सांभाळले. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी चालवलेली रेडिओ केंद्रे, हाताने चिकटवून झेरॉक्स केलेली चाहत्यांची पत्रके आणि गावोगावच्या ओळखीच्या घरी मुक्काम करत केलेले दौरे, यांवर हे जग उभे होते. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा संग्रह मोठ्या कंपनीकडून आला आणि जानेवारी १९९२ मध्ये तो मायकल जॅक्सनच्या संग्रहाला मागे सारून अमेरिकेच्या क्रमवारीत पहिला आला. मोठ्या कंपन्या त्यानंतर प्रत्येक शहरात ‘पुढचा निर्वाणा’ शोधत हिंडू लागल्या आणि ‘सेल आउट’, म्हणजे तत्त्व विकून टाकणे, हा या समाजातील सर्वांत मोठा दोष ठरला. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी याने १९९३ साली ‘द बॅफलर’ या नियतकालिकात एका काल्पनिक बँडचा जमाखर्च मांडून, मोठ्या कराराच्या अखेरीस वादकाच्या हाती किराणा दुकानातील नोकराहूनही कमी पैसे कसे उरतात, हे दाखवले. रसिकाने आपल्या आवडीबद्दल सतत सावध असावे ही सवय या काळात लागली, आणि ती सवय पुढे त्याच्यावरच उलटली.

नव्या शतकात या सगळ्या धाग्यांना एक पत्ता मिळाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग हा ईस्ट नदीकाठचा जुना कारखान्यांचा भाग. पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेली कुटुंबे, पोलिश वस्ती आणि हसिदी पंथाचे ज्यू तेथे अनेक दशके राहत होते. एल मार्गाच्या भुयारी रेल्वेचे बेडफर्ड ॲव्हेन्यू स्थानक मॅनहॅटनपासून नदीपलीकडचे पहिलेच, आणि कारखाने बंद पडल्यामुळे रिकाम्या वखारी स्वस्तात मिळत, म्हणून १९८० च्या दशकापासून चित्रकार आणि पाठोपाठ वादक तेथे राहायला आले. वखारीत सराव करता येतो, शेजारी तक्रार करत नाहीत, भाडे चार-पाच जणांत वाटले जाते: बँड जन्माला येण्याची ही अगदी भौतिक कारणे आहेत. या परिसरातून किंवा त्याच्या आसपास याह याह याज, टीव्ही ऑन द रेडिओ, ग्रिझली बेअर, डर्टी प्रोजेक्टर्स असे एकमेकांशी फारसे साम्य नसलेले बँड पुढे आले. त्याच सुमारास, १९९६ साली मिनिॲपोलिसमध्ये रायन श्रायबर याने सुरू केलेल्या ‘पिचफोर्क’ या परीक्षणपत्राला अफाट वजन प्राप्त झाले. दहापैकी दशांश गुण देण्याची त्याची रीत होती. सप्टेंबर २००४ मध्ये माँट्रियलच्या आर्केड फायरच्या ‘फ्युनरल’ला ९.७ गुण मिळाले आणि नॉर्थ कॅरोलायनातील ‘मर्ज’ या छोट्या कंपनीच्या हातात अचानक मोठ्या मागणीची तबकडी आली. क्लॅप युअर हँड्स से येह या बँडने २००५ साली कोणत्याही कंपनीविना काढलेला संग्रह ९.० गुणांनी देशभर पोहोचवला. वाहिन्या आणि मोठी वितरणव्यवस्था यांना वळसा घालून गाणे थेट श्रोत्याच्या कानी जावे, हे १९७७ चे स्वप्न या काळात खरोखर साधले होते, हे विसरता कामा नये.

नेमक्या या यशाच्या क्षणी जमिनीचे भाव बदलले. डोमिनो साखर कंपनीचा नदीकाठचा शुद्धीकरण कारखाना २००४ साली बंद झाला, आणि मे २००५ मध्ये न्यूयॉर्क महापालिकेने ग्रीनपॉइंट व विल्यम्सबर्गच्या जमीनवापराचे नियम बदलून नदीकाठी उंच निवासी मनोऱ्यांना परवानगी दिली. भाडे वाढले, जुनी कुटुंबे हलली, आणि विस्थापितांना समोर दिसला तो महापालिकेचा ठराव किंवा बांधकाम व्यावसायिक नव्हे, तर जाड काड्यांचा चष्मा लावून सायकलवरून जाणारा तरुण. त्याच्याबद्दलचा राग समजण्यासारखा होता. कलावंत जेथे स्वस्तात राहतात तेथे मागून भांडवल येते, हे समाजशास्त्रज्ञ शेरॉन झुकिन यांनी मॅनहॅटनच्या वखारींबाबत १९८२ सालीच दाखवून दिले होते. परंतु ठरावाला चेहरा नसतो आणि तरुणाला असतो, म्हणून राग चेहऱ्यावर निघाला, आणि चेहऱ्यावरून कानापर्यंत, म्हणजे तो काय ऐकतो तेथपर्यंत, पोहोचला.

रॉबर्ट लॅनहॅम याची ‘द हिपस्टर हँडबुक’ २००३ साली आली तेव्हा सूर थट्टेचा होता. २००८ पर्यंत तो इतका कडवट झाला की ‘ॲडबस्टर्स’ या नियतकालिकाने हिपस्टर म्हणजे पाश्चात्त्य संस्कृतीचा शेवटचा बंद रस्ता असे मुखपृष्ठावरून सांगितले. २००९ साली न्यूयॉर्कच्या ‘एन प्लस वन’ या नियतकालिकाने ‘हिपस्टर काय होता?’ या भूतकाळी प्रश्नावर परिसंवाद घेतला आणि पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक निघाले. संपादक मार्क ग्रीफ यांनी या विषयावर लिहिताना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याचा आधार घेतला. बूर्द्यूने १९७९ साली मांडले होते की माणसाची अभिरुची ही निव्वळ व्यक्तिगत आवड नसून समाजातील स्थान राखण्याचे साधन असते. पैसा कमी आणि शिक्षण अधिक असलेले लोक आवडीनिवडीच्या बळावर इतरांपेक्षा वरचे ठरू पाहतात. हिपस्टरवर सर्वाधिक चिडणारे लोक त्याच्याच वर्गातील, त्याच्याच शाळांतून आलेले असतात, कारण त्याच्यात त्यांना आपलीच धडपड दिसते, हे ग्रीफ यांचे निरीक्षण मार्मिक आहे. तरीही या विवेचनात एक उणीव राहते. अभिरुचीने प्रतिष्ठा मिळते हे खरे मानले, तरी तेवढ्याने त्या अभिरुचीतला आनंद खोटा ठरत नाही. राजाश्रयाने गायकाची प्रतिष्ठा वाढली म्हणून त्याचा षड्ज बेसूर होत नाही.

टीकेतील काही मुद्दे मात्र संगीताला थेट भिडणारे होते आणि त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते. केलेफा सॅने यांनी २००४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ‘रॉकिझम’वर, म्हणजे गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणाऱ्यालाच खरा कलावंत मानणाऱ्या वृत्तीवर, लिहिलेला लेख असाच होता; अशा मापाने स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि नृत्यसंगीत यांच्यावर सतत अन्याय होतो, हे त्यांचे म्हणणे इंडी श्रोत्यांना लागू पडत होते. साशा फ्रेर-जोन्स यांनी २००७ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये इंडी रॉकने कृष्णवर्णीय संगीतातील ताल गमावल्याची तक्रार केली. उलट, कोलंबिया विद्यापीठात जमलेल्या व्हॅम्पायर वीकेंडने २००८ च्या पहिल्या संग्रहात आफ्रिकी गिटारवादनाचा प्रभाव मोकळेपणाने घेतला तेव्हा त्यांच्यावर उसनवारीचा आणि श्रीमंती मिरवण्याचा आरोप झाला. मेलरच्या काळातील जुना आरोप असा दोन्ही बाजूंनी परतला. टीव्ही ऑन द रेडिओमधील बहुतांश सदस्य कृष्णवर्णीय होते, याचा अशा चर्चांत अनेकांना सोयीस्कर विसर पडे. ऑगस्ट २००९ मध्ये विल्यम्सबर्गच्या नदीकाठी झालेल्या ग्रिझली बेअरच्या विनामूल्य मैफलीला रॅपर जे-झी आणि बियॉन्से आले आणि त्याने या संगीताची जाहीर वाखाणणी केली, ही घटनाही त्या दशकाच्या ठरीव चित्रात बसणारी नव्हती.

श्रोत्यांनी या काळात काय केले, याचा सर्वांत काळजीपूर्वक शोध झेनेप आर्सेल आणि क्रेग थॉम्पसन या दोन अभ्यासकांनी घेतला. ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात अमेरिकेतील इंडी चाहत्यांच्या दीर्घ मुलाखतींवरून असे दिसते की, हिपस्टर हा शिक्का बसू लागला तरी वर्षानुवर्षे या संगीतात जीव आणि वेळ गुंतवलेले लोक ते सोडून गेले नाहीत. कोणी म्हणत, आपली आवड कानातून आली आहे, हिपस्टरची डोळ्यांतून. कोणी स्वतःमध्ये आणि त्या प्रतिमेमध्ये काटेकोर रेषा आखत. तर काहींनी, विशेषतः त्या वर्तुळात ज्यांचे स्थान पक्के होते त्यांनी, लोक काय म्हणतात याची पर्वा न करता मला आवडते ते मी ऐकतो, एवढेच सांगितले. या उत्तरांत आत्मसमर्थन आहे, क्वचित दुसऱ्या श्रोत्याला खाली ढकलून आपण सुटण्याची वृत्तीही आहे, आणि ती योग्य म्हणता येत नाही. तरीही त्या सगळ्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट उरते: तबकडी हातात घेऊन तिच्या वेष्टनावरची नावे वाचत, छोट्या खोलीत पन्नास माणसांच्या मधोमध उभे राहून, पुढच्या गावच्या अनोळखी बँडला रात्री निवारा देऊन त्यांनी मिळवलेला आनंद कोणत्याही विनोदी पुस्तिकेहून जुना आणि खोल होता.

या संगीतावर ऐश्वर्याचा जो आरोप होता त्याचा पायाही फारसा भक्कम नव्हता. ग्रिझली बेअरचा ‘वेकाटिमेस्ट’ हा संग्रह २००९ मध्ये अमेरिकेच्या क्रमवारीत आठवा आला होता, पण तीन वर्षांनी ‘न्यूयॉर्क’ नियतकालिकाने त्यांच्या अर्थकारणाची पाहणी केली तेव्हा बँडच्या काही सदस्यांकडे आरोग्यविमाही नसल्याचे उघड झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये आर्केड फायरला ‘द सबर्ब्ज’साठी वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेही मर्जसारख्या स्वतंत्र कंपनीच्या तबकडीला, हा या परंपरेचा सर्वोच्च मान होता, पण तोवर अनेक जुन्या चाहत्यांना तो उघडपणे साजरा करण्याचा धीर उरला नव्हता.

विल्यम्सबर्गमधील छोट्या जागा त्यानंतर एकेक करून मिटल्या. २०१४ या एकाच वर्षात ‘२८५ केंट’, ‘डेथ बाय ऑडिओ’ आणि वर्षअखेरीस ‘ग्लासलँड्स’ बंद झाल्या. त्यांपैकी ‘डेथ बाय ऑडिओ’ची वास्तू एका मोठ्या माध्यम कंपनीने कार्यालयासाठी घेतली होती. ही जागा मुळात मैफलींसाठी घेतलेली नव्हती. ऑलिव्हर ॲकरमन हा वादक तेथे गिटारचा स्वर बदलणारी पायपेटी, ज्याला वादक पेडल म्हणतात, हाताने जोडून विकत असे, आणि कार्यशाळेच्या रिकाम्या भागात मित्रांचे बँड वाजू लागले म्हणून पुढे तिचे सभागृह झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये शेवटच्या मैफली झाल्या आणि सभागृह संपले. कार्यशाळा आपली अवजारे घेऊन शहराच्या दुसऱ्या भागात गेली आणि पेडल बनवत राहिली.